काही झालं तर कोणाले कळवायचं

आफ्रिकेत मी चार देश फिरलो अन् चारही देशांत मला एक गोष्ट विचारली गेली. तुम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं? लोक मला सिंहाचं विचारतात, हत्तीचं विचारतात, तेव्हा मी सांगतो. पण मला आधी तो कागद आठवतो.

मी सातवी शिकलेला माणूस. उमरेडला आमच्या घरात हातमाग होता. पुढे नागपुरात आलो तरी गुडघे गेले तोवर मागावरच बसलो. बायको बाजूच्या खोलीत कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायचं सूत नळ्यांवर गुंडाळून द्यायची. आमच्यासारखे लोक आफ्रिकेला जात नाहीत. मी गेलो तो मुलीमुळे. मुलगी अन् जावई दोघंही बंगलोरला नोकरीवर, चांगले कमावतात. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून त्यांनी आम्हा दोघांची सफर ठरवली. मी म्हटलं, "मले जनावरं पाहाची हौस नाही. उमरेडच्या जंगलात वाघ आहे, तो पाहाले मी गेलो का कधी?"

बायको म्हणाली, "तुम्ही राहा जी घरी. मी जातो."

तिला दुपारी टीव्हीवर जनावरांचा कार्यक्रम पाहायची सवय होती. तिचा एकच प्रश्न होता. जिराफ पाणी कसा पेत असन? टीव्हीवर तो नेहमी पाला खाताना दिसायचा. "एवढी मान, एवढाले पाय, अन् पाणी खाली. मंग वाकत कसा असन?" मी म्हटलं, "तहान लागली का सगळेच वाकते." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्याशी बोलनं म्हणजे भिताडाशी बोलनं आहे." खरंच होतं ते. मला बोलता येत नाही, तोडता येतं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी ती गेली. तीन दिवस दवाखान्यात होती. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. मुलगी म्हणाली, बाबा, आईचं रद्द करू, तुमचं राहू देऊ. मी हो काहून म्हटलं ते मलाच माहीत नाही. घरी भिंतीकडे पाहत बसायचं ते तिकडे जाऊन बसू, एवढंच डोक्यात आलं असेल.

बायकोचा फोन मी बंद केला नव्हता. साधा बटणाचा फोन. रोज सकाळी चार्जिंगला लावायचा अन् रिचार्जही करायचा. काहून, ते मला विचारू नका. निघताना शेजारणीला किल्ली दिली, झाडांना पाणी घालायला. तिला फोन दाखवला.

"हा एक दिवसाआड चार्जिंगले लावत जाजो."

"काहून जी भाऊजी? कोण करन याच्यावर?"

"लाव म्हटलं न वं."

"लावतो," ती म्हणाली.

आमच्या गटात अकरा जण होते, पाच जोडपी अन् मी. सोबत पुण्याची एक मुलगी होती, सगळी व्यवस्था पाहायची. वय तिशीच्या आत. मला काका म्हणायची. उघड्या गाडीत दोन-दोनच्या जागा होत्या. माझ्या बाजूची जागा रिकामी, म्हणून मागच्या गृहस्थांनी तिथे कॅमेऱ्याची बॅग ठेवली. पहिल्या दिवशी विचारून ठेवली, नंतर विचारलं नाही. खड्डा आला की मी हात लावून बॅग सांभाळायचो.

केनियात पहिल्या मुक्कामावर तो कागद पुढे आला. तंबू म्हणायचं म्हणून तंबू, आत नहाणीघर, हात धुवायला दोन भांडी, खुंटीला दोन पांढरे झगे. एक झगा मी शेवटपर्यंत खुंटीवरून काढला नाही. कागद इंग्रजीत होता, मुलगी समजावून सांगत होती.

"काका, इथे सही. म्हणजे जनावरानं काही केलं तर हे लोक जबाबदार नाहीत."

"खाल्लं त?"

"तरी नाहीत."

"खाल्ल्यावर मी कशाले भांडाले येतो?" मी सही केली.

ती हसली. "आता शेवटचं. काही झालं तर कोणाला कळवायचं? नाव अन् फोन नंबर."

मला एकच नंबर पाठ आहे. बायको घरभर फोन विसरायची अन् मी तो वाजवून शोधून द्यायचो, त्यानं पाठ झालेला. तोच तोंडातून आला. मुलीनं लिहून घेतला. "नातं?" मी म्हटलं, "बायको." तिनं लिहिलं. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण लिहून झाल्यावर मी खोडायलाही सांगितलं नाही.

टांझानियात पुन्हा तोच कागद, तोच नंबर. तिथे एका दुपारी चिखलात बसलेला एक म्हातारा रानरेडा दिसला, अंगावर पोपडे आलेला. वाटाड्या काही बोलला ते मुलीनं सांगितलं, की म्हातारे झाले की हे कळपातून मागे पडतात, एकटे राहतात अन् चिडके होतात. मागचे गृहस्थ म्हणाले, "काका, तुमचा भाऊ दिसतो."

"भाऊ कशाचा, मीच आहे," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो. रेड्यानं काही मान वर केली नाही.

तिसरा देश बोट्सवाना. नदीकाठी मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाण्याजवळ थांबली अन् समोर जिराफ आला. पाण्याशी येऊन तो किती वेळ नुसता उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यानं पुढचे पाय थोडे फाकवले अन् थांबला. आणखी थोडे फाकवले. असे चार-पाच हिसके देत देत पार तीन काठ्यांच्या तिकाटण्यासारखा झाला, तेव्हा कुठे मान खाली गेली अन् तोंड पाण्याला लागलं. एक घोट घेतला अन् काय वाटलं कोण जाणे, झटक्यात उठून उभा. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तहान लागली का वाकते सगळेच, असं मी म्हटलं होतं. वाकणं नव्हतंच ते. माझं उत्तर चूक होतं अन् ते सांगायला माणूस नव्हतं. बाजूला कॅमेऱ्याची बॅग होती.

मुक्कामावर आल्यावर सगळे आपापल्या तंबूत गेले. एकट्यानं फिरायचं नाही, असा तिथला नियम होता, कारण कुंपण नव्हतं अन् पाणघोडे वर येतात. मी गेलो. काठावर एका झाडाखाली खुर्ची होती, तिच्यात बसलो. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, मागाच्या आवाजानं माझे कान कधीच गेले आहेत. मग डोळा लागला.

जागा झालो तो खांदा हलवल्यानं. समोर बंदूकवाला रखवालदार अन् घामानं भिजलेली ती मुलगी. मी मशीन कानात घातलं.

"काका, तासभर शोधतोय आम्ही. जेवायला आला नाहीत, तंबूत नाहीत."

"इथंच होतो."

"शेवटी मी घरी फोन लावला. म्हटलं, तुम्ही तिकडे फोन केला असेल तर कळेल." मग तिचा चेहरा जरा सैल झाला. "काकू बोलल्या."

"कोण काकू?"

"तुमच्या घरच्या काकू. काय ओरडल्या मला. म्हणाल्या," अन् तिनं आमच्या बोलीची नक्कल केली, "'असन कुठं पाण्याजवळ बसून. कानातलं काढून ठेवलं असन. सापडले का चहा द्या त्यायले, अन् गोळी घेतली का इचारा.'"

मी खुर्चीचा हात धरला. शेजारीण होती ती, मला लगेच कळलं. तिकडे संध्याकाळ झालेली, झाडांना पाणी घालायला आली असेल अन् फोन वाजला असेल. मी काही वेडा झालो नव्हतो. पण मी ते बोललो नाही. मुलगी म्हणाली, चहा सांगते, अन् पुढे गेली. चहा येईपर्यंत मी ते तसंच राहू दिलं. नागपुरात आपल्या घरी कोणी आहे, त्याला कळलं आहे, अन् ते आपल्यावर चिडलं आहे.

मागावर मी बसलेला असायचो तेव्हा खटखट सारखी सुरू असायची. धागा तुटून माग थांबला की आतून तिचा आवाज यायचा, "काय झालं जी?" मी उत्तर देत नसे. धागा सांधून पुन्हा खटखट सुरू करायचो, तेच उत्तर. आमच्या घरी कोणाला काही कळवावं लागत नव्हतं.

शेवटचा देश झांबिया. तिथल्या मुक्कामावर मुलीनं मला विचारलंच नाही. तिच्याजवळ नंबर होता, तो बघून लिहायला लागली.

"थांब बेटा. तो लिहू नको."

"नंबर बदलला का, काका?"

"नंबर तोच आहे. माणूस नाही." तरी तिला समजलं नाही, म्हणून मी म्हटलं, "माझी बायको मेली. मागच्या पोळ्याच्या आधी."

दहा महिन्यांत मी हे कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. सगळे तिच्या मातीला आलेले लोक, त्यांना काय सांगायचं?

"पण मी तर त्यांच्याशी..."

"शेजारीण होती ते."

तिनं पेन खाली ठेवला. वाईट वाटलं वगैरे काही म्हणाली नाही, ते बरं केलं. तिनं विचारलं, "मग कोणाचं लिहू?"

माझ्या मुलीचा नंबर मला पाठ नव्हता. तंबूत जाऊन पिशवीतून डायरी आणली, चष्मा लावला अन् एकेक आकडा वाचून सांगितला. दोनदा तपासून घेतला.

"नातं?"

"मुलगी," मी म्हटलं. ती जागा भरली.

नागपुरात आलो तर शेजारीण किल्ली घेऊन दारात. झाडं हिरवी होती. आधी तेच विचारलं.

"तू काहून सांगितलं नाही वं त्या पोरीले?"

"काय सांगू? तिनं इचारलं, काकू बोलता का? मले त सारा मोहल्ला काकू म्हणते. बोलतो म्हटलं." मग पदरानं किल्ली पुसत म्हणाली, "अन् समजलं मंग मले. पण फोनवर कसं सांगू जी परदेशात? घाबरली होती ते पोरगी."

मी म्हटलं, बस. ती ओट्यावर बसली. मी म्हटलं, "जिराफ पाणी कसा पेते, माहीत आहे का?"

"मले कशाले माहीत?"

तोंडानं सांगून पाहिलं. तिला काही उमजेना. मग मी अंगणात उभा राहिलो अन् पाय फाकवून दाखवले. थोडे, मग थांबलो, मग आणखी थोडे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पायजाम्यात. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "पडसान न जी." खरंच मला सरळ होता येईना. गुडघे अडकले. तिनं हात दिला तेव्हा ओट्याला टेकलो.

"अन् एवढं करून एकच घोट?" ती म्हणाली.

"एकच. मंग पुन्हा उठते."

"बिचारा," ती म्हणाली अन् घरी गेली, स्वयंपाक राहिला होता तिचा.

मी गुडघ्याला तेल चोळत बसलो. त्या गडबडीत फोन चार्जिंगला लावायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर लक्षात आलं. पाहिला तर बंद पडला होता. लावला परत.