तळ्याकाठी खाल्लेली दुसऱ्याची भाकरी

परळहून एसटीत बसलो तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, हा मुलगा नापास. आमच्या श्वेताने पसंत केलेला, गिरगावचा निनाद. स्वभावाने गरीब, नोकरी चांगली, पण मासे खात नाही. लालबागच्या आमच्या घरात असा जावई म्हणजे कपाळच की! "एक दिवस त्याच्याबरोबर काढा, मग खुशाल नाही म्हणा," असं लेकीने बजावलं, म्हणून मी निघालो.

त्याला नाद जिओकॅशिंगचा (कोणीतरी रानात लपवलेला डबा मोबाइलच्या नकाशावरून शोधायचा, त्यातली वस्तू घ्यायची आणि आपली ठेवायची, असा खेळ). शहाण्या माणसाने सुट्टीच्या दिवशी हे करावं?

कर्जतच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. करवंदीच्या जाळ्यांमधून पायवाट होती. चढ म्हणायला थोडकाच, पण माझा भाता सुरू झाला. निनाद मोबाइल धरून पुढे, मी त्याला मनातल्या मनात नावं ठेवत मागे. वळणावर तळं दिसलं आणि मी थांबलोच. संथ हिरवं पाणी, काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा, बाकी चिटपाखरू नाही. फार बरं वाटलं.

नकाशावरचा ठिपका एका जांभळीपाशी थांबला. निनाद झाडामागे शोधत होता, तेवढ्यात बुंध्याशी दगडाआड मला डबा दिसला. मला! आत भाकरी आणि जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोलंबीची) चटणी. नियम म्हणजे नियम. खिशातलं गणपतीचं कीचेन मी डब्यात ठेवलं आणि भाकरी घेऊन बसलो. निनाद धावत आला, या खेळात खायचं ठेवत नाहीत असं काहीतरी सांगू लागला. पण जवळा पुढ्यात असताना मी कोणाचं ऐकत नाही.

शेवटच्या घासाला म्हातारा समोर उभा. त्याने डबा उघडला, कीचेन वर धरलं.

"माजी भाकर कोनी खाल्ली?"

माझ्या तोंडात घास होता.

"मी खाल्ली," निनाद म्हणाला.

"चटनी कसली व्हती?"

"खो... खोबऱ्याची."

म्हाताऱ्याने सावकाश माझ्या मिशीकडे पाहिलं. जवळा तिथेच होता. मी हात जोडले. लाज वाटली, आणि हसूही आवरेना.

निनादने आईने दिलेले साबुदाणावडे म्हाताऱ्यापुढे ठेवले. तिखट कमी म्हणत त्याने ते सगळे संपवले आणि गणपती खिशात घातला. खेळाचा डबा त्याच जांभळीच्या ढोलीत निघाला. आत एक शिट्टी आणि नावं लिहायला कागद. निनादने आधी माझं नाव लिहिलं.

परतीच्या एसटीत तो माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला. मी त्याला उठवलं नाही. घरी पोचलो तर बायको दारातच उभी, मुलगा कसा वाटला म्हणून.

"मासे खात नाही," मी म्हटलं, "आणि खोटं तर त्याला मुळीच जमत नाही. देऊन टाकू मुलगी."