दोन सूत कमी

बापूकाका आधी मारायचे आणि मग बोलायचे. घडीची लाकडी फूटपट्टी कायम त्यांच्या खिशात असायची, आणि दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात ती न खाल्लेला माणूस सापडणं कठीण होतं. त्यांचा मुलगा इथे सरकारी नोकरीत. ते स्वतः बांधकामावर सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. काकू म्हणायच्या, "यांच्या रागापायी आमच्या घरात एकही कप कानासकट उरलेला नाही."

माझी त्यांच्याशी ओळख पट्टीनेच झाली. त्या वर्षी गणेशोत्सवाचं स्टेज स्वतःचं करायचं ठरलं आणि लाकडाचा अंदाज काढायला मला बसवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. येत नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मी सगळं सेंटिमीटरमध्ये मांडलं. फाडकन बोटांवर पट्टी बसली.

"ए कॉलेज! बाजारात सेंटिमीटर चालतो का? रुंदी, जाडी इंचात. लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार, भागिले एकशे चव्वेचाळीस. हे झाले घनफूट. त्याला भावाने गुण आणि कापणीत वाया जाणारा दहावा हिस्सा वर धर."

बोटं चोळत मी लिहून घेतलं. फळी दीड इंच जाड हवी, म्हणजे बारा सूत. आठ सुतांचा एक इंच. हे त्यांनी माझ्याकडून ओरडून वदवून घेतलं.

फळ्या आल्या. त्यांनी पहिलीला पट्टी लावली आणि तीच फळी टेम्पोच्या दारावर आपटली. दहा सूत! मला दंडाला धरून ते तसेच लाकडाच्या वखारीत घेऊन गेले.

"अंकल, दो सूत तो आरे में उड़ ही जाता है," वखारवाला करवतीकडे बोट दाखवत हसत म्हणाला. "पूरा बाज़ार ऐसे ही देता है."

"उड़ा हुआ पैसा भी ले ले. तख्ता पूरा डेढ़ इंच चाहिए."

"अरे यार, गणपती का स्टेज है. बच्चे ही तो नाचेंगे."

काकांनी त्याची कॉलर धरून त्याचं डोकं फळ्यांच्या थप्पीवर दाबलं. मी "काका, सोडा!" म्हणत राहिलो. त्याची दोन माणसं धावून आली. एकाच्या हातातली लाकडाची पट्टी, जाड, खिळ्यांची, काकांच्या कपाळावर बसली. दुसऱ्याने त्यांना भुशात पाडून लाथा घातल्या. मध्ये पडलो तेव्हा एक मलाही बसली. काका उठले ते रक्त गिळतच. "मोज," ते मला म्हणाले. मी मोजलं आणि जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, "दहा सूत." वखारवाल्याने घाबरून बारा सुतांच्या फळ्या काढायला लावल्या.

हिंदूराव हॉस्पिटलात टाके घालताना ते पहिल्यांदा हळू बोलले. "एका साइटवर पाड बांधली होती, मजुरांना उंचावर उभं राहायला. फळ्या पातळ होत्या. मी म्हटलं, चालतंय, सही केली. मजुराची पोर बापाला डबा द्यायला वर चढली."

ते चांगले होते का, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या माणसाचं डोकं दाबतानाचा त्यांचा चेहरा मला आवडला नव्हता.

पण लेझीमच्या दिवशी ते प्रेक्षकांत दिसेनात, म्हणून शोधत मी स्टेजखाली वाकलो. कपाळाला पट्टी बांधून ते उकिडवे बसले होते, दोन्ही तळवे वरच्या फळीला टेकवून. वर पोरींचे पाय दणादण आदळत होते, धूळ त्यांच्या डोळ्यांत पडत होती.

"काका, बाहेर या ना. नात नाचतेय तुमची."

"गप्प. हात लाव इथे."

मी लावला. फळी थरथरत होती, पण वाकत नव्हती.

पुढच्या वर्षी मुलाची बदली झाली आणि ते सगळे नागपूरला गेले. उत्सवात स्टेज तेच होतं. लेझीम सुरू झालं तेव्हा मला कोणी खाली जायला सांगितलं नव्हतं. मी गेलो.