तोंड समोर करून बोल

आमच्या समोरच्या घरातल्या हेमाक्काला जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि गल्लीतली बातमी सगळ्यांत आधी तिलाच कळते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असले की ती दारातूनच नुसते ओठ हलवून विचारते, "शेंगाचटणी कुटलीस व्हय? वास येतोय की." मीही आवाज न करता "या घ्यायला" म्हणते. सासूबाई कपाळावर हात मारून घेतात.

हेमावती गेली एकतीस वर्षं अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळून मागांना पुरवते. तिथं सोळा माग एकदम धडधडतात. ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला काही कळत नाही, म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. कांडी संपत आली की विणकर नुसते ओठ हलवतो आणि ही बरोबर त्या रंगाची कांडी नेऊन देते.

यंदा जुन्या मालकांचा मुलगा शिवयोगी कारभार बघायला लागला. त्यानं सगळ्या कामगारांचे कान तपासून घेतले. हेमाक्काबरोबर मी गेले होते. बंद खोली, कानांवर हेडफोन, आणि एकेक सुटा शब्द. विसांतले चार तिला सांगता आले. बाहेर आली ती फणकारतच.

"बोलणारं माणूसच न्हाय तितं! तोंड न्हाय, विषय न्हाय. मागनं कागद बघितला तर त्यात 'जहाज'. सोलापुरात जहाजाचं काय काम, सांग की!"

तपासणारी वैष्णवी तरुण होती, हसली. कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं होतं, त्या जोरावर तिला विचारलं, मग एरवी हिला सगळं कसं कळतं? ती म्हणाली, "काकू, कान आवाज आत पोचवतात. त्याचे शब्द मेंदू बांधतो. आपण सगळेच बोलणाऱ्याचे ओठ बघतो, पुढं काय येणार याचा अंदाज बांधतो, फक्त आपल्या ते लक्षात येत नाही. यांचे कान गेलेत हे खरंच आहे. पण बाकीचं काम यांचा मेंदू किती वर्षं करतोय! ते या खोलीत मोजता येत नाही."

"मग तसं लिही," मी म्हटलं.

"त्याला रकाना नाही."

"खाली जागा आहे ना? तिथं लिही."

तिनं पेनानं दोन ओळी लिहिल्या. शिवयोगीनं त्या वाचल्या नाहीत. चारच दिवसांत त्यानं हेमाक्काच्या हातात छापील कागद दिला. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे', खाली सहीची रेघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. "चल. ऑफिसात तो फिरत-फिरत बोलतो, तू ध्यान ठेव."

"अक्का, तुमच्या काळजीनंच म्हणतोय," शिवयोगी म्हणाला. "कुणी मागून हाक मारली तर?"

"तितं मागून मारलेली हाक कुणालाच ऐकू येत न्हाय. तुला येती? चल, दाव."

"मी आता परीक्षा देऊ?"

"मी दिली की. आता तुझी पाळी."

तिनं त्याला धरूनच मागांच्या मधोमध नेलं. मला माझाच श्वास ऐकू येईना. पलीकडच्या टोकाला म्हातारे विणकर सिद्धलिंगप्पा होते. तिनं खूण केली, ते काहीतरी बोलले. शिवयोगी कानामागं हात धरून पुढं वाकला, आणखी वाकला, मग त्यानं नाही म्हणून मान हलवली.

अंगणात आल्यावर हेमाक्का म्हणाली, "बारा नंबरच्या मोटरचा पट्टा फाटत आलाय म्हणतो. सोमवारपासनं तुला तीनदा सांगितलं त्यानं. ऑफिसात येऊन, शांततेत. तुझे कान तर चांगले हायत."

शिवयोगीनं बारा नंबर बंद करवला. पट्टा निम्म्यापर्यंत उकलला होता. तो ऑफिसात परत आला, खिडकीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटला. हेमाक्कानं माझ्याकडं बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला.

"सांगू नको," ती मला म्हणाली, आणि मग त्याला, "पाठ फिरवून बोललेलं मला कळत न्हाय, हे मी कबूल करते. ते लिव्ह कागदावर. पण मान वळवायला तुला किती कष्ट पडत्यात रे? आन् दुसरं. एकतीस वर्षांत कानात घालायला कुणी काय दिलं न्हाय. माझं गेलं. बाकीच्यांचं अजून हाय. त्यांना बोळं आण."

सही न केलेला कागद तिनं टेबलावर ठेवला.

शिवयोगी वळला. "उद्यापासून या," तो सावकाश, ओठ नीट उघडून म्हणाला.

"उद्या कशाला? आजच्या कांड्या कोण भरणार?"

ती पदर खोचून निघाली. "अक्का, थांबा, बोळे कसले आणायचे ते तरी..." त्यानं हाक मारली. ती थांबली नाही. शेवटी मालक पळत गेला, तिला वळसा घालून तिच्यासमोर उभा राहिला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलला.