त्या सभेचं उरलेलं भाषण

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. बारामतीच्या एसटी स्टँडवर उभं राहून बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः वाटली आहेत. ‘पुरावा दाखवा!’ हे त्यातल्या निम्म्या पत्रकांचं शीर्षक. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही राहतो इंदापूरला. मूळ गाव जुनं पळसदेव, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. गाव उठायच्या आधी एका बड्या नेत्यानं तिथल्या देवळासमोर सभा घेतली होती. (नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडतील.) तो म्हणाला, “गाव बुडणारच. रडून पाणी थांबत नाही.” माझे आजोबा, म्हणजे आबा, तेव्हा तरणेबांड. ते ताडकन उठून चालायला लागले आणि निम्मी सभा त्यांच्यामागं गेली. नेत्याचं ते वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलेय.

नेता वारला. ऑनलाइन ज्ञानकोशात त्याच्यावर लेख आहे; तिथे कुणीही लेख दुरुस्त करू शकतं. कार्यकर्त्यांनी तो ‘जलनायक’, ‘लोकनेते’, ‘गोरगरिबांचा आधारवड’ यांनी भरून टाकला होता. अरे, चरित्र आहे की वाढदिवसाचा फ्लेक्स? माझं डोकंच फिरलं. मी ते सगळं उडवलं, ‘गावं बुडवणारा नेता’ असं लिहिलं आणि आबांनी सांगितलेलं त्याचं ते वाक्य टाकलं. कार्यकर्त्यांनी आपलं परत टाकलं, तेव्हा तिथल्या एका जुन्या संपादकानं त्यांचंही काढलं आणि माझंही. लेखाच्या चर्चापानावर म्हणे — ‘विशेषणं कुठल्याच बाजूची नकोत. वाक्याला छापील संदर्भ द्या. आजोबांची आठवण हा संदर्भ होत नाही.’

आबांना सांगितलं, तर ते भडकलेच. “मंजी मी खोटं बोलतोय व्हय? मी जायच्या आत तेवढं एक वाक्य लिव, पोरी. त्याच्या पुतळ्याखाली तर कोन लिवणार न्हाय.”

म्हटलं, जागेवर नेऊन आबांचा व्हिडिओच करू, मग बघू कसा संदर्भ होत नाही ते! उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं. एका दुपारी होडी केली. होडीवाला दत्तामामा ओळखीचा.

“आबा, धोतराला इस्त्री? सासुरवाडीला निघालाय जनू!”

“गावाला चाललोय रं माझ्या,” आबा म्हणाले. “तू वल्हव गप.”

देवळासमोरच्या दगडावर आबा बसले. मी मोबाइल सुरू केला. “हां आबा, बोला.” आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात...

खर्रर्र करून कर्णा वाजला. “हॅलो... हॅलो...” मला वाटलं, पलीकडच्या काठावर लग्न असेल. मग तो आवाज आला. त्या नेत्याची म्हातारपणीची भाषणं मी ऐकली आहेत. हा आवाज त्याचाच, पण तरुण. “गाव बुडणारच. रडून पाणी थांबत नाही.” चपलांची खसफस, गलका, माणसं उठून जातायत असं... आणि त्या गलक्यावरून तो बोलतच राहिला — “पण ऐका! शेवटच्या घराला जागा मिळाल्याशिवाय मी पाणी अडवू देणार नाही. दिला शब्द मोडला, तर मला इथंच उभा करून जाब विचारा!”

मग काही नाही. ऊन, बगळे, पाणी. भीती अजिबात वाटली नाही, हेच विचित्र.

“दत्तामामा, स्पीकर कुठं लागलाय?”

“कसला स्पीकर, ताई? ऊन लागलं का काय तुमाला?”

मोबाइलमध्ये वारा आहे, मामांचा खोकला आहे, माझा प्रश्नही आहे. कर्णा नाही.

त्या आवाजाबद्दल आबांशी मी एक अक्षर बोलले नव्हते. परत येताना होडीत ते स्वतःहूनच पुटपुटले, “शेवटच्या घराला जागा... जाब इचारा म्हणला...” मी ऐकलेले तेच शब्द. मग म्हणाले, “जागंसाठी किती वरसं हेलपाटं घातलं आमी. आन त्यो समद्यांसमोर कबूल झाला व्हता, पोरी. आमी उठून गेल्तो. बसलो असतो, तर तितंच त्या शब्दाला धरला असता त्याला.”

दोन माणसांना एकच भास कसा होतो, मला माहीत नाही. आबांनी निघता निघता ते कधीकाळी ऐकलं असेल म्हणावं, तर मग मला कसं ऐकू आलं? आणि पुरावा तर माझ्याकडं नाहीच.

लेखात मी काय लिहिणार? माझ्या कानांनी ऐकलेलं तिथं चालत नाही, आणि चालू नये, हे आता मीच म्हणते. अर्धं वाक्य घुसवायचा हट्टही सोडला. सध्या तिथं जन्म, निवडणुका, पदं एवढंच आहे. कुणी ‘जलनायक’ टाकलं की मी काढते, कुणी शिवी टाकली तरी काढते. त्या सभेची छापील बातमी कुणाकडं आहे का, असं चर्चापानावर विचारून ठेवलंय.

आबा आता “लिवलंस का?” असं विचारत नाहीत. जुन्या गावचं कुणी म्हातारं भेटलं की आधी त्याचा हात धरतात —

“त्या सभंला तू शेवटपर्यंत बसला व्हतास का रं?”