रेशमाच्या पुस्तकातली अळी

मी चौथी शिकलेली. तरी मुलांसाठी माझी चार पुस्तकं आहेत; पहिली तीन लंका, ब्रह्मदेश आणि जपानवर. पावसाळ्यातल्या वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं. धम्म ज्या देशांत गेला तिथली माणसं काय खातात, काय नेसतात, हे पोरं विचारायची. मोठ्यांना सांगता यायचं नाही. म्हणून मी राळेगावहून पुस्तकं आणून वाचली आणि लिहू लागले. चित्रं माझी मुलगी काढायची.

चौथं पुस्तक चीनच्या रेशमाचं, अळ्या पाळणाऱ्या राणीच्या गोष्टीसकट. तेव्हा ती आजारी होती. खाटेवर उशीला टेकून काढायची. शेवटी एक अळीचं चित्र राहिलं.

"माय, रेशमाची अळी दिसते कशी?"

"अळी ते अळी. थांब, वावरातून आणून देतो."

मी कपाशीचं बोंड फोडून अळी आणली. ती हसली. "बाबा हिच्यावर फवारे मारून थकले, अन् चीनची राणी हिले पोसत होती म्हने!" वाटीत अळी ठेवून तिने दोन दिवस ते चित्र काढलं.

आठ दिवसांनी ती गेली. मी रडले नाही. बायका त्यावरही बोलल्या. त्या दिवसांचं फारसं आठवत नाही. कोणी चहा दिला की मी प्यायचे.

तीन महिन्यांनी यवतमाळहून पुस्तक छापणाऱ्याचा फोन आला.

"आजी, हे तर आपली बोंडअळी हाय. गुलाबी. रेशमाची पांढरी असते, तुतीच्या पानावर."

"मग?"

"तिचं शेवटचं चित्र हाय. तुम्ही म्हणाल तर राहू देतो. पोरायले काय समजते?"

पोरांना समजतं. कपाशीच्या गावातली आहेत ती. ही अळी पाहून त्यांनी बाकीचं पुस्तकही खोटं धरलं असतं. चूक माझी होती. तिने समोर होतं ते काढलं.

"गाळा ते," मी म्हटलं. "दुसऱ्याकडून काढून घ्या."

तिचं चित्र टपालाने परत आलं. पेटीत ठेवलं.

यंदा ते पुस्तक विहारात वाचलं. एका पोरीने अळीवर बोट ठेवलं.

"आजी, हे ताईनं नाही काढली ना?"

"नाही."

"ताईची कुठं हाय?"

"घरी. चुकली होती."

"मले दाखवजो."

"ये उद्या," म्हटलं आणि पान उलटलं.