माघारी न गेलेला खरवस

मुलांनो, तुमचे आजोबा गेल्यावर माझी पूजा एक दिवसही चुकली नाही, पण देवापुढे बसले की शाळेच्या हजेरीपटावर सही करून उठल्यासारखं वाटायचं. चाळीस वर्षं मी संकष्टी करते आहे. दिवसभर उपास, संध्याकाळी अथर्वशीर्ष, चंद्र पाहून जेवण, सगळं वेळेवर. मी आले होते एवढी नोंद रोज होत होती. समोर कुणी आहे का, हे विचारणं मात्र मी सोडून दिलं होतं. भीती वाटायची की उत्तर येणार नाही. हे मी कुणाला बोलले नाही, तुमच्या आईलासुद्धा नाही.

मी ज्या फ्रीजवर काम करते तो तुम्ही फोनवर पाहिला आहे. बारामतीत हॉस्पिटलच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली, काचेच्या दाराचा. घरात, खाणावळीत, लग्नाच्या हॉलवर उरलेलं चांगलं अन्न लोक डब्यात भरून त्यात ठेवतात आणि ज्याला गरज आहे तो न विचारता घेऊन जातो. पेशंटजवळ थांबलेले खेड्यापाड्यांतले नातेवाईक जास्त. आठवड्यातल्या तीन दुपारी माझ्याकडे असतात. डब्यावर तारीख-वेळ हवी, मांसाहार नको, उन्हाळ्यात दुधाचे पदार्थ नकोत, असे नियम मी पाटीवर लिहून घेतले. मुख्याध्यापिकेचा हात, दुसरं काय करणार?

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातल्या संकष्टीची. त्या दिवशी निम्मं गाव उपाशी, लग्नाची तिथीही नव्हती, म्हणजे उरणार काय? अशा दिवशी आम्ही फ्रीज बंद करून धुऊन काढतो. जोडीला असणारी बाई लेकीकडे गेली होती, म्हणून मी एकटीच जाळ्या बाहेर काढून सोड्याच्या पाण्यानं घासत होते. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि मधुमेहाची गोळी घेतली होती. औषधानं उपास मोडत नाही, असं इंदापूरला माझी आई म्हणायची. ते मी इतकं पक्कं धरलं होतं की उपाशीपोटी ती गोळी काय करते, हे डॉक्टरांना कधी विचारलंच नाही.

दीडच्या सुमाराला एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, काखेत फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. निरवांगीहून एसटीनं आली होती. डबा पुढं करून म्हणाली, "म्हस व्यालीय बाई. गूळ घालून खरवस केलाय. पैल्या चिकाचा हाय."

मी फ्रीज बंद असल्याचं सांगितलं आणि पाटी दाखवली. उन्हातून दोन तास आलेला दुधाचा पदार्थ मी आजाऱ्यांच्या माणसांना देऊ शकत नव्हते.

"मला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "पर बिरोबाला दावून आणलाय. दावलेला चीक घरला माघारी न्यायचा न्हाय, आमच्यात तसं हाय. मागल्या साली माझी आई हितं आठ दिस होती. आमी दोघींनी ह्याच कपाटातलं खाल्लं. तवाच बोलले हुते, म्हस व्याली की पैला वाटा हितं."

"तुमचा भाव कळला, पण नियम सगळ्यांना सारखा."

"असू द्या की. मी कुठं तुमाला नियम मोडा म्हन्ते? मी बसते हितं. कुनी ना कुनी खानारं येतंय."

आणि ती खरंच पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. मला राग आला. पाठ करून मी शेवटची जाळी घासायला घेतली. हात कापायला लागले तेव्हा वाटलं, रागानं असेल. मग घाम फुटला, थंडगार. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी मला वाचता येईना. हाक मारायची होती, पण शब्द सापडेना. आयुष्यभर मुलांना शब्द शिकवले, आणि त्या क्षणी "पाणी" हा शब्दसुद्धा माझ्याजवळ नव्हता. एवढं मात्र स्वच्छ कळलं की आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मनात म्हणाले, घे, तुझं तू बघ. तितकी खरी प्रार्थना मी कित्येक वर्षांत केली नव्हती.

डोकं जमिनीवर आपटलं नाही, कारण ते तिच्या मांडीवर होतं. तिनं डब्याचं झाकण उडवलं, बोटांनी खरवस कुस्करला आणि माझ्या ओठांना लावला. मी मान फिरवली असणार, कारण तिचं बोलणं मला आठवतं: "उपासाला चालतोय बाई, दूध न् गूळच हाय. गिळा गप." माझ्याशी त्या स्वरात माझी आई गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. मी गिळलं. एक घास, दुसरा, तिसरा. गुळाची गोडी जिभेवरून आत उतरत गेली, तशी पाटीवरची अक्षरं एकेक करून जागेवर आली.

दुकानदारानं डॉक्टरांना बोलावलं. ते माझेच विद्यार्थी. रक्त तपासून ते म्हणाले, "मॅडम, साखर पार उतरली होती. तोंडात वेळेवर गोड गेलं म्हणून निभावलं. एकट्या असता तर मी काही सांगू शकलो नसतो." उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही ते त्यांनी लिहून दिलं आणि वर्गात मी त्यांना लावायचे तसं मला दोनदा वाचायला लावलं.

उन्हाळ्यात दुधाचे पदार्थ नकोत, हा नियम आजही आहे आणि तो बरोबरच आहे. मी तो खरवस घेतला असता तर धुतलेल्या फ्रीजशेजारी पिशवीत पडून राहिला असता आणि ती दोनच्या गाडीनं निघून गेली असती. तिनं माझं ऐकलं असतं तरी निघूनच गेली असती. तिला गणपतीनं थांबवलं, बिरोबानं की तिच्या हट्टानं, यावर मी वाद घालत नाही. मी मनातून हाक मारली होती आणि कुणीतरी पायरीवर आधीच बसलेलं होतं.

उरलेला खरवस आम्ही दोघींनी संपवला. मग माझी धांदल उडाली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी पर्स चाचपू लागले, तशी तिनं डबा माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या रिकामा. परत्येक येळी काय फिटंफाट करायची?"

ती एसटीनं गावी गेली, मी घरी आले. रात्री चंद्र उगवल्यावर देवापुढे बसले. मोदक केले नव्हते, अथर्वशीर्ष म्हणायचं त्राण नव्हतं. नुसते हात जोडले. त्याच्यापुढे ठेवायला काही नसताना बसण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि तरी तिथून उठावंसं वाटेना.