शकूमावशीच्या हाताची कुकरी

शकूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात, आमच्या चष्म्याच्या दुकानात, एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. "रंजना, मावशी आज सकाळी उठल्याच नाहीत गं," तिची शेजारीण म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असं कसं? परवाच तर कुकरीला धार लावून आणलीय तिनं!" आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. सुतकाचा फोन आणि ही पोरगी धारेचं काय बोलते? पण शकूमावशीला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. शेवटचं वर्षभर ती बाई उठता-बसता एकच विषय बोलत होती... कुकरी किती लांब हवी आणि किती जड हवी. आता महिना उलटून गेला. रडून झालंय. तेव्हा हे मी तिच्याच पद्धतीनं सांगणार, मोठ्यानं आणि हातवारे करत.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्तीनंतर गारखेड्यात दोन खोल्यांत एकटी राहायची. उंचीला एवढीशी, पण आवाज अख्ख्या वॉर्डाला उठवणारा. रिक्षातून पडल्यापासून तिचा उजवा खांदा आखडलेला होता, पण "दुखतंय का?" विचारलं की "तू तुझं काम कर" हे उत्तर ठरलेलं. तर एकदा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला ती मला घेऊन माहेरी गेली, लासूर स्टेशनच्या पुढं. गावाबाहेर जुनी दगडी बारव आहे. माझी आजी, म्हणजे मावशीची आई, त्या बारवेच्या काठावर घागर घेऊन उन्हात उभी राहायची. आमच्या लोकांना पायऱ्या उतरायची बंदी होती. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, नाहीतर उभं राहा. पुढं घरानं दीक्षा घेतली, पोरी शिकल्या, गावात नळ आले, आणि बारव सगळेच विसरले. वेड्या बाभळीनं तिचं तोंड बुजलं, पायऱ्यांच्या सांध्यांतून वड-पिंपळ फुटले.

लग्नाचं जेवण टाकून मावशी तिथं जाऊन उभी राहिली. "आता बंदी नाय गं कुणाची, रंजे," ती म्हणाली, "पण आता वाटच उरली नाय." आणि परतीच्या एसटीत खिडकीवर थाप मारून तिनं जाहीर केलं, "ती वाट मी काढणार. माझ्या हातानं! आईला जिथं उतरू दिलं नाय, तिथं मी उतरून पाण्यात पाय घालणार." पुढची बाई दचकून मागं वळली. ग्रामपंचायतीनं मशीन लावायची तयारी दाखवली, तर मावशी उसळलीच. "मशीननं पायऱ्या उखडल्या तर मी काय हवेतून उतरू?" तोडलेलं ओढून न्यायला पोरं चालतील, पण तोड मात्र तीच करणार. झालं. आता त्या आखडलेल्या हाताला पेलेल असं हत्यार हवं होतं.

कोयता आणला. पायऱ्यांची वाट इतकी अरुंद की कोयत्याचं टोक दगडावर आपटायचं आणि झटका थेट खांद्यात जायचा. विळा घेतला, तर मुळं त्याला दाद देईनात. मग एक दिवस तिच्या शेजारणीच्या घरी, तिच्या फौजेतल्या पोरानं डेहराडूनहून आणलेली गुरखा पलटणीतली कुकरी भिंतीवर दिसली. मावशीनं विचारलंसुद्धा नाही! ती काढली, परसात गेली, शेवग्याच्या वाळक्या फांदीवर एक घाव घातला आणि फांदी खाली. "रंजे, अगं हिला ढकलावं लागत नाय! ही आपली आपणच जाती!" कुकरीचं पातं मधून पुढं वाकलेलं असतं ना, वजन सगळं त्या वाकाच्या पुढं. हात नुसता वळवायचा, बाकीचं काम पातं करतं. मावशी लहान पोरीसारखी नाचायची तेवढी राहिली. पण दुसऱ्या घावाला हात काही उचलेना. ती कुकरी तिच्या हाताला फार लांब आणि फार जड होती.

मग आम्ही रफिकभाईंकडं गेलो. ते जुन्या शहरात भट्टी चालवतात, मावशीच्या वॉर्डात त्यांच्या बायकोची दोन बाळंतपणं झालेली. मावशीनं सांगितलं, लहान आणि हलकी कुकरी करून दे. त्यांनी दिली. दिसायला काय देखणी! पण बारवेत पहिल्याच मुळावरून ती टणकन उडाली. हलक्या पात्याला जोर हातानं द्यावा लागतो, आणि जोर तर मावशीकडं नव्हता. त्या दिवशी परत येताना तिनं ती कुकरी पिशवीच्या तळाशी कोंबली. मला वाटलं, संपलं सगळं.

संपतंय कुठलं! दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाईसाहेब हॉलमध्ये उभ्या, हातात लाटणं, लाटण्याच्या टोकाला ओला टॉवेल गुंडाळलेला, आणि हवेत घाव चाललेत. टॉवेल भिजवला की वजन वाढतं, पिळला की कमी होतं! जरा भिजव, चार घाव घाल, जरा पिळ, पुन्हा चार घाव... फरशीवर पाण्याचं तळं, आणि मावशी घामाघूम. लांबीसाठी तिनं पुठ्ठ्याची पाती कापली होती. रविवारी बारवेत बसून एकेक पुठ्ठा पायऱ्यांमधल्या सापटीत फिरवून पाहिला. एक पुठ्ठा दगडाला न लागता पूर्ण फिरला. वीतभर आणि वर चार बोटं. "घावली!" ती ओरडली, आणि वरच्या बाभळीतली पाखरं उडाली.

वजन घावलं त्या संध्याकाळी मला तातडीनं बोलावणं आलं. मावशी माझ्या स्कूटीवर मागं बसली, लाटणं प्लास्टिकच्या पिशवीत उराशी धरून. पिशवी फाटकी निघाली. "रंजे, गाडी पळव! वजन गळतंय!" मी हसू का गाडी चालवू? रफिकभाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "क्या मावशी, बेलन लाये?"

"व्हय. इतकंच जड पायजे. आन् ते वजन फुडं पायजे, मुठीत नको."

"छोटी चीज में इत्ता वजन? लोहा मोटा लेना पडता."

"मग घे की मोटा! मी कुठं नको म्हनली?"

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड घेऊन त्यांनी ती घडवली. आखूड, जाड पाठीची, पुढून पोट सुटलेली. "पहलेवाली से भारी है मावशी, संभालके," म्हणत त्यांनी ती दिली. मावशीनं मूठ धरली, हात एकदा वळवला, आणि तिचा चेहरा... तसा चेहरा मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिला नव्हता.

थंडीभर दर रविवारी आम्ही बारवेत होतो. गावातली पोरं फांद्या वर ओढून न्यायची, मी काटे उपसायचे, आणि मावशी पायरी-पायरीनं खाली सरकायची. कुकरीला मात्र कुणी हात लावायचा नाही. "हत्याराला एकच हात कळतो, दुसऱ्यानं धरलं की ते बिघडतं," असं तिचं म्हणणं. "मावशी, जड आहे, मी घेते थोडा वेळ," म्हटलं की डोळे वटारायची. दर चार-पाच घावांनंतर ती थांबायची आणि पात्यावर दगड घासत बसायची. मी मनात म्हणायचे, काय हौस आहे बाईला धारेची!

शेवटच्या पायऱ्यांवर पिंपळाचं मूळ आडवं पडलेलं होतं, मांडीएवढं. त्याला तीन रविवार लागले. ते तुटून बाजूला झालं आणि खाली काळंभोर पाणी दिसलं. मावशीनं चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरली. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि एकदम ओरडली, "आये, उतरले गं मी! लई गार हाय पानी!" बारव नुसती घुमली. वर उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि मी मोठ्यानं रडत होते, लाज न बाळगता. पुढच्या रविवारी काठ साफ करायचे म्हणून तिनं धार लावून आणली होती. तो रविवार आला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर तिची खोली आवरायला मी एकटीच थांबले. कुकरी कपाटाच्या खालच्या खणात होती. आता अडवायला कोण होतं? जड आहे, जड आहे हे वर्षभर ऐकलेलं, म्हणून मी पाय रोवले, दंडात जोर आणला आणि उचलली. माझा हात खांद्याच्याही वर गेला. कपाटाच्या दारावर आपटता आपटता वाचला. मी पुन्हा उचलून पाहिली. पोळ्यांच्या लाटण्यापेक्षा थोडी जड, बस. आमच्या घरचा खलबत्त्यातला बत्ता याच्याहून जड असेल! म्हणजे मावशीच्या हाताला एवढंच पेलत होतं. दगड घासत बसायची ते धारेसाठी नव्हतं, दम खायला होतं. कुकरी मांडीवर घेऊन मी खाली फरशीवर बसले. एवढ्याशा जोरावर, अगं मावशे, एवढ्याशा जोरावर तू अख्खी बारव उघडलीस!